रविवारचा नाताळ

“मोहन कमी पडलंय,” आई कॉटवरून म्हणाली.

तिने करंजी चाखलीसुद्धा नव्हती. चाखण्याच्या पलीकडे गेली होती ती. दोन चमचे पेज पोटात टिकली तरी आम्ही एकमेकींकडे बघून खूश व्हायचो. पण माझ्या पोळपाटावरची लाटी बघून, तीही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून, तिने निकाल देऊन टाकला.

“तुझ्याच मापाने घातलंय,” मी म्हणाले.

“माझ्या मापाने घातलं असतंस तर कड अशी फाटली असती का? वन्सं, तुम्हीच सांगा हिला.”

वन्सं म्हणजे मार्थाआत्या, अण्णांच्या थोरल्या बहीण. आदल्या दिवशीच जालन्याहून आल्या होत्या आणि येताना स्वतःचं कातण रुमालात बांधून घेऊन आल्या होत्या, कारण आमच्या कातणाला धार नसते असं त्यांचं फार जुनं मत होतं. “मी कशाला बोलू बाई,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पोरींना बोललं की राग येतो.” आणि मग पुढे कितीतरी वेळ त्या एकट्याच बोलत राहिल्या. मोहनाबद्दल बोलल्या, माझ्या केसांबद्दल बोलल्या, बावीस वर्षांची घोडी झाले तरी माझं लग्न जमत नाही त्याबद्दलही बोलल्या. कढईपाशी बसलेली रूथताई झाऱ्याआडून माझ्याकडे बघून हसत होती. तिचं लग्न झालेलं होतं, तिला काय.

नाताळच्या आधीचा शनिवार आमच्याकडे करंज्यांचा असे. त्या दिवशी लग्न होऊन गेलेल्या मुलींनी माहेरी यायचं, घरातल्या सगळ्या बायकांनी एकाच परातीभोवती बसायचं, आणि भांडत भांडत डबे भरायचे. आम्ही राहायचो नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मिशन कंपाउंडात, शाळेमागच्या घरांच्या ओळीत. त्या शनिवारी ओळीतल्या प्रत्येक घरातून तुपाचा वास यायचा आणि प्रत्येक घराला वाटायचं की आपलाच वास चांगला.

त्या वर्षी परात माजघरातून बाहेरच्या खोलीत आली, कारण आईची कॉट तिथे होती. दिवाळीनंतर पुण्याच्या डॉक्टरांनी तिचं पोट उघडून पाहिलं होतं आणि तसंच परत शिवलं होतं. घरी घेऊन जा म्हणाले. घरी आल्यापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत ती एकच मागणं मागायची: “प्रभू, एवढा नाताळ बघू दे.” बरं कर असं तिने कधी म्हटलं नाही. डॉक्टर सुई द्यायला आले की त्यांनाही तेच सांगायची. “एवढा नाताळ बघू द्या डॉक्टर, मग तुमची सुट्टी.”

नाताळ बुधवारी होता.

बाहेर ओट्यावर अण्णा दारावर लावायची नाताळची कागदी चांदणी बांधत बसले होते. मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण बांबूच्या कामट्यांशीही ते वर्गातल्या मुलांशी बोलावं तसंच बोलायचे. “सरळ राहा. सरळ राहा म्हटलं ना?” आतून आई म्हणाली, “अहो, तिला छडी मारा म्हणजे राहील.” सगळे हसलो. आईही हसली आणि मग पोटाला हात लावून गप्प झाली.

डॉक्टर आले ते त्याच वेळी. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, सुई दिली. आई सुईच्या गुंगीत जाईपर्यंत तिच्याशी करंज्यांबद्दल बोलत राहिले. मग अण्णा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते ओट्यावर न बसता घराला वळसा घालून मागे गेले. मी हात धुवायच्या निमित्ताने मागे गेले आणि ताईला खूण केली. कढई आत्यांच्या हवाली करून तीही आली.

अण्णा पाण्याच्या टाकीला टेकून उभे होते. हाताला अजून खळ लागलेली होती.

“बुधवार नाही म्हणतात,” ते म्हणाले. “सोमवार धरा म्हणतात. फार तर.”

ताई रडायला लागली. मला रडू आलं नाही, राग आला. आईने एवढंसंच मागितलं होतं.

“रडू नका,” अण्णा म्हणाले. “ऐका. ती आता सुईवर झोपली आहे. उद्या सकाळपर्यंत उठायची नाही. उद्या रविवार, देवळाची घंटा वाजणारच आहे. आपण उद्याच नाताळ करू.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे तिला सांगायचं की मधले दिवस तुला शुद्ध नव्हती आणि आज नाताळ आहे. चांदणी लावायची, नवे कपडे घालायचे, गाणी म्हणायची. तिने मागितलंय ते तिला मिळेल. तीन दिवसांनी काय बिघडतंय?”

ताईने पदराने डोळे पुसले. “आणि शमू?”

शमुवेल आमचा भाऊ, आम्हा दोघींच्या मधला. लष्करात होता, आसामात. मागच्या दोन्ही नाताळांना येतो येतो म्हणून आला नव्हता. पहिल्या खेपेला रजाच रद्द झाली. दुसऱ्या खेपेला मात्र रजा मिळाली असून तो मित्राच्या बहिणीच्या लग्नाला केरळात गेला, आणि आम्हाला ते मार्चमध्ये कळलं. तेव्हापासून अण्णा त्याचं नाव निघालं की पेपर वाचायला घ्यायचे. आई काही बोलली नव्हती. दोन्ही वर्षी तिने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाल्लं होतं. या खेपेला त्याने लिहिलं होतं की काहीही होवो, मंगळवारी दुपारी दारात उभा राहीन. आई फार आजारी आहे अशी तार केली तेव्हा तो निघालेला होता. आता कुठल्या गाडीत, कुठल्या स्टेशनात होता, कोणाला माहीत नव्हतं.

“गाडीला उशीर झालाय म्हणू,” अण्णा म्हणाले. “उत्तरेत धुकं असतंच.”

“पण अण्णा—”

“रूथ, तो यायचा तेव्हा येईल. मी त्याची गाडी ओढून आणू शकत नाही. नाताळ आणू शकतो, तो आणतो.”

आम्हाला पटलं. नुसतं पटलं नाही, उत्साह आला. आठवडाभर घरात नुसती मरणाची वाट बघणं चाललं होतं, आता करायला काहीतरी होतं. आत्या तर पदर खोचून उभ्याच राहिल्या. “यशवंता, हे तुला आधी का नाही सुचलं?” म्हणाल्या आणि उरलेल्या करंज्या निम्म्या वेळात तळून मोकळ्या झाल्या.

त्या दुपारी मी कंपाउंडातल्या प्रत्येक घरी गेले. उद्या उपासना सुटली की आमच्याकडे यायचं, नवे कपडे घालून यायचं, आणि नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या. कोणी का म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना आई माहीत होती. यातल्या निम्म्या बायकांच्या बाळंतपणात ती उशाशी बसलेली होती. अडचण एकच निघाली. शिंप्याकडून अर्ध्या लोकांचे कपडे यायचे होते. मग संध्याकाळी चार-पाच बायकांनी जाऊन त्याला घेरलं. सोमवारी देतो म्हणणाऱ्या त्या बिचाऱ्याने मध्यरात्रीपर्यंत मशीन चालवून झगे आणि पोलकी दिली, काज-बटणं नसलेली.

पाळकसाहेब मात्र अडले. ते नवे होते, तरुण होते, आणि नियमाचे पक्के होते.

“गुरुजी, सणाची तारीख आपण कशी बदलायची?”

“साहेब, आपल्या प्रभूचा जन्म नेमक्या कुठल्या तारखेला झाला, तुम्हाला ठाऊक आहे?”

“ते कोणालाच ठाऊक नाही, गुरुजी.”

“मग तीन दिवस इकडे काय आणि तिकडे काय,” अण्णा म्हणाले.

“मी येईन,” शेवटी ते म्हणाले. “प्रभुभोजन देईन, प्रार्थना करीन. पण आज नाताळ आहे असं माझ्या तोंडून निघायचं नाही. खोटं मी बोलणार नाही.”

“ते माझ्याकडे लागलं,” अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी घंटा सुरू झाली आणि तिच्या आवाजानेच आईने डोळे उघडले. अण्णा कॉटशेजारी बसलेले होते. नवा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले, लग्नाला निघाल्यासारखे. दारात चांदणी लागलेली होती. खिडकीला कागदी माळा होत्या. ताईने पहाटे उठून अंगणात रांगोळी घातली होती.

“सलाम बाईसाहेब,” अण्णा म्हणाले. “उठा. नाताळ आला.”

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग चांदणीकडे. “काहीतरीच काय. काल तर करंज्या चालल्या होत्या.”

“काल? काल काय, शनिवारी. तू दोन-तीन दिवस ग्लानीत होतीस. आम्ही किती घाबरलो होतो.”

“एवढी झोपले मी?” ती शरमल्यासारखी म्हणाली. तिला कधी दुपारी आडवं झालेलं आम्ही पाहिलं नव्हतं, आणि ऐन सणाचे दिवस तिने झोपून घालवले होते. “म्हणजे आज नाताळ आहे?”

“मग घंटा कसली वाजतेय?”

तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, अण्णांनी जन्मात एवढं शहाणपणाचं काम केलं नसेल. ती उठून बसायला धडपडू लागली. मी पाठीमागे उशा लावल्या. तिने खोलीभर नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं, ताईकडे, आत्यांकडे, मग मधल्या दाराकडे.

“शमू कुठाय? आंघोळीला गेलाय का?”

आत्या खिडकीची माळ सारखी करायला लागल्या. मग अण्णाच म्हणाले, “त्याची गाडी लेट आहे. उत्तरेत धुकं पडलंय, सगळ्याच गाड्या लेट आहेत.”

“काल दुपारी येणार होता ना?”

“हो ना. येईल आज.”

“येईल,” आई म्हणाली. “पमे, माझी वेणी घाल. आणि ती डाळिंबी साडी काढ. आता आला आणि मला असं पाहिलं तर घाबरेल.”

मी वेणी घातली. घालण्याइतके केस राहिले नव्हते, तरी घातली. अंगाला साडी नुसती पांघरली, कारण नेसवताना तिला सहन होत नव्हतं. आरशात बघून म्हणाली, “ठीक आहे. लांबून बरी दिसते.”

मग माणसं आली. उपासना सुटल्यावर सगळं कंपाउंड आमच्या दारात लोटलं. पोरींच्या झग्यांना टाचण्या लावलेल्या, एकीच्या पोलक्याला तर नुसते धावदोरे. आईच्या नजरेतून ते सुटलं असतं तर ती आई कसली. “काय गं, शिंपी पळून गेला की काय यंदा?” म्हणाली. बायका हसल्या आणि हसता हसता एकदोघी तोंड फिरवून बाहेर गेल्या. प्रत्येक जण कॉटपाशी येऊन तिचा हात हातात घेत होता, शुभेच्छा देत होता. पाळकसाहेबांनी भाकर आणि द्राक्षरस तिच्या ओठांना लावला. डोळे मिटून मोठी प्रार्थना केली. तीत येशूच्या जन्माबद्दल सगळं होतं, फक्त आजचा दिवस नव्हता.

आई खरंच आनंदात होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सांगितलं की लोकांना तेवढंच लक्षात राहतं. ती हसली, तिने आत्यांच्या चकल्यांना नावं ठेवली. अण्णा पेटी घेऊन बसले तेव्हा त्यांना म्हणाली, “वरचा सूर तुम्हाला आता झेपत नाही, उगाच ताणू नका.” अण्णांनी मुद्दाम तोच ताणला.

पण फाटक वाजलं की ती बोलता बोलता थांबायची. मी तिच्याजवळ बसले होते म्हणून मला कळत होतं. फाटक वाजायचं, तिची बोटं माझ्या मनगटावर आवळायची, आणि जो कोणी आत यायचा तो शमू नसायचा. मग ती त्याच्याकडे बघून तोंडभर हसायची. पन्नास माणसं आली असतील, त्या प्रत्येकाला ती अशी हसली.

दुपारी डॉक्टर सुई द्यायला आले. आईने हात मागे घेतला. “आता नको. मला झोप लागेल. माझा मुलगा यायचाय.”

“दुखत नाही का?”

“दुखतंय. पण नको.”

डॉक्टरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पेटीच्या भात्याची पट्टी बांधत बसले. सुई न देताच डॉक्टर गेले आणि नंतरची सगळी दुपार आई दातांवर दात दाबून दाराकडे बघत पडून राहिली. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात गेले. ताई तिथे भिंतीशी उभी होती.

“पमे, आपण हे काय करून बसलो?” ती म्हणाली.

खरं तर मला तोवर नीट कळलंही नव्हतं. मला वाटत होतं, शमूचं तेवढं जरा अडतंय, बाकी सगळं छान झालंय.

ऊन उतरलं तशी तरुण पोरं ढोलकी घेऊन नाताळची गाणी म्हणायला अंगणात आली. चांदणीतला दिवा लावला. गाणी झाली, पोरांनी करंज्या खाल्ल्या, गलका करत निघून गेली. फाटक शेवटचं वाजलं. आता कोणी यायचं राहिलं नव्हतं.

“दार लावून घ्या,” आई म्हणाली. “वारं येतंय.”

अण्णा म्हणाले, “थोडा वेळ असू दे उघडं. शमूची संध्याकाळची गाडी—”

“अहो.”

त्या हाकेत काय होतं मला सांगता येणार नाही. अण्णा उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

“धुक्याचं मला सांगू नका,” ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता, पण शब्द नीट येत होते. “सकाळपासून तुमचं तोंड बघतेय मी. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तुमचा खोटं बोलतानाचा चेहरा मला कळत नाही होय? तो नाही आला. या खेपेलाही नाही आला. माझ्यापासून लपवताय तुम्ही सगळे.”

“तसं नाही गं—”

“असू दे. नसेल जमलं. परक्याची नोकरी, वरच्यांनी सोडलं नसेल. नाहीतर तरुण पोर आहे, कुठे रमला असेल.” ती थांबली, पुन्हा श्वास गोळा केला. “तुम्ही त्याला तोडून बोलाल, मला माहीत आहे. बोलायचं नाही. माझी शपथ आहे. पुढेमागे कधी आला तर त्याला सांगा, आई रागावली नाही.”

मी उठले. “आई, अगं ऐक, आज—”

अण्णांनी माझा हात धरला. एवढ्या जोरात त्यांनी मला लहानपणी मारतानाही कधी धरलं नव्हतं.

“प्रार्थना करा,” आई म्हणाली.

रोजच्यासारखे आम्ही कॉटभोवती बसलो. अण्णांना शब्द सुचेनात, म्हणून आत्यांनी प्रार्थना केली. शेवटी नेहमीप्रमाणे आई बोलेल म्हणून आम्ही डोळे मिटून थांबलो. रोज ती म्हणायची, एवढा नाताळ बघू दे. आज म्हणाली, “प्रभू, बघितला. आता तुझी इच्छा.” मग तिने माझ्याकडे वळून सांगितलं, “डॉक्टरांना बोलाव. सुई द्यायला सांग आता.”

तेव्हा मला कळलं. तिला चांदणी नको होती, गाणी नको होती, करंज्यासुद्धा नको होत्या. नाताळ म्हणजे तिच्या लेखी मंगळवारची दुपार होती. तेवढ्यासाठी ती दात दाबून दिवस ओढत होती, आणि आम्ही तिला जाऊन सांगितलं की तो दिवस होऊन गेला.

स्वयंपाकघरात ताई अण्णांवर तुटून पडली. “आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा तिला. सांगा की आज रविवार आहे, तो गाडीत बसलाय, परवा येतोय.”

“आणि परवापर्यंत ती राहिली नाही तर?” अण्णा म्हणाले. “आज दिवसभर पाहिलंस ना? असे अजून दोन दिवस काढायला सांगू तिला? सुई न घेता?”

“तिला काढायचे होते ते!” ताई म्हणाली. “तिचे होते ते दिवस!”

अण्णा भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्यांना एवढं म्हातारं झालेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. “सकाळी सांगतो,” ते म्हणाले. “सुई उतरली की मी स्वतः सांगतो.”

सकाळी सुई उतरली, पण आई काही वर आली नाही. श्वास चालू होता, मधे मधे अडकत होता. अण्णा तिच्या कानाशी वाकले. “अगं, ऐकलंस का, नाताळ व्हायचाय अजून. आज सोमवार आहे. मी खोटं बोललो. शमू उद्या येतोय. उद्या दुपारी.” पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग एकदम उठले, स्टूल घेऊन दाराशी गेले, चांदणी ओरबाडून काढली. खिडकीच्या माळा काढल्या. करंज्यांचे डबे, पेटी, सगळं आतल्या खोलीत ढकललं. नवा शर्ट काढून रोजचा जुना सदरा घातला. मग परत येऊन तिचा चेहरा हातात धरून म्हणाले, “हे बघ, काही नाही. अजून काहीच केलं नाही आपण. डोळे उघड आणि बघ.”

आत्यांनी त्यांना धरून बाजूला बसवलं. आई दुपारच्या आत गेली.

आम्ही तिला बर्फावर ठेवली आणि शमूची वाट पाहिली. मंगळवारी दुपारी तो आला. त्याने लिहिलं होतं अगदी तसा, ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. मनमाडच्या स्टेशनात दाढी करून आला होता, कारण वाढलेली दाढी आईला आवडत नसे. अंगणात बसलेली माणसं पाहून त्याने ट्रंक खाली ठेवली नाही. तशीच खांद्यावर धरून तो आत आला आणि कॉटपाशी येऊन उभा राहिला. शेवटी ताईने ती त्याच्या खांद्यावरून उतरवून घेतली.

आम्ही माती देऊन परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी नाताळ होता, म्हणून शेजारचे लोक लवकर उठून गेले. जाताना कोणी आमच्याकडे वर बघून बोलत नव्हतं. शमू ओट्यावर बसला. अण्णा त्याच्याशेजारी जाऊन बसले. मागच्या मार्चपासून पहिल्यांदाच ते असे एकमेकांशेजारी बसले होते.

आत्या दारात येऊन हळूच म्हणाल्या, “यशवंता, आज राहू दे. नंतर सांग.”

“तिने सांगितलंय,” अण्णा म्हणाले. “निरोप तिचा आहे, मी कोण ठेवून घेणारा?” मग त्यांनी शमूकडे न बघता सांगितलं, “शमू, आईने निरोप ठेवलाय तुला. म्हणाली, त्याला सांगा, आई रागावली नाही.”

शमूने मान खाली घातली. मग म्हणाला, “मागच्या वर्षीचं ना? मी तिला सांगणारच होतो. सगळ्या वाटेत तेच घोकत आलो, कसं सांगायचं ते.” आणि मग त्याने डोळे पुसून अण्णांकडे पाहिलं. “पण या खेपेला मी येतोय, हे तिला माहीत होतं ना, अण्णा? जाताना तिला माहीत होतं ना, की मी गाडीत बसलोय?”

अण्णांना हो म्हणता आलं असतं. दोन दिवसांपूर्वी त्यांनी सगळ्या कंपाउंडाला खोटं बोलायला लावलं होतं. एवढं एक खोटं कोणी त्यांच्याकडे मोजलंही नसतं. मी, ताई, आत्या, आम्ही तिघी दारात उभ्या राहून मनातल्या मनात म्हणत होतो, हो म्हणा.

“नाही रे बाळा,” अण्णा म्हणाले. “आम्ही तिचा नाताळ रविवारीच करून टाकला.”